काढा दुबळा नसतो, मामा

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा वाद अधूनमधून पेटतोच. बेळगावातल्या शहापूरचे मामा बीपीसाठी अर्जुनसालीच्या काढ्याचं गुणगान पाठवतात, टिळकवाडीतला डॉक्टर मावसभाऊ ‘थोतांड’ म्हणून मोकळा होतो. मी मध्ये तोंड घातलं की ‘तू तिकडं इंग्लंडात बसून आम्हाला शिकवू नकोस’ हे ठरलेलं.

मामांच्या मते काढ्यानं अपाय होत नाही, भावाच्या मते उपयोग होत नाही. म्हणजे दोघांच्या लेखी झाड दुबळंच! सर्पगंधा दुबळी नाही. तिच्या मुळीनं रक्तदाब उतरतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं. 1952 मध्ये तिच्यातून रेसरपीन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि जगभर वापरलं गेलं. त्यानं नाक चोंदायचं, नाडी मंदावायची, काही रोग्यांना नैराश्य यायचं. बीपीच्या कित्येक आयुर्वेदिक गोळ्यांत आजही सर्पगंधा असते. सोबत बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंदावणारं बीपीचं डॉक्टरी औषध, चालू असेल तर नाडी आणि दाब दोन्ही नको तितके खाली येऊ शकतात. ज्येष्ठमधाचं उलट. खोकल्यासाठी बरं, पण रोज भरपूर पोटात गेलं तर पोटॅशियम घटतं आणि दाब चढतो. आणि फाटकाशी लावलेली पिवळी कण्हेर? तिची बी हृदय बंद पाडते.

इथं इंग्लंडात पारंपरिक वनौषधी म्हणून नोंद फक्त किरकोळ तक्रारींसाठी मिळते, बीपीसाठी नाही. सेंट जॉन्स वर्ट या उदासीवरच्या औषधाच्या खोक्यात घडी घातलेला कागद असतो. हृदयासाठीचं डिगॉक्सिन किंवा रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर घेऊ नका, असं त्यावर नावानिशी छापलेलं असतं. तरी इथल्या व्यवस्थेला हार घालायची गरज नाही. गुण येतो हे चाचण्यांनी सिद्ध करावं लागत नाही, वर्षानुवर्षांचा वापर दाखवला की पुरतं. ऑनलाइन येणाऱ्या पुड्यांना तर तोही धरबंध नाही.

कायदा आपल्याकडेही आहे. रक्तदाब बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. तरी ‘बीपीपासून कायमची सुटका’ बिनदिक्कत छापून येतं. दुकानाची पाटी कन्नड की मराठी यावर आपल्या गावात रस्ते अडले. गोळ्यांच्या डबीवरचा मजकूर मामांना वाचता येतो का, यावर कुणी चकार शब्द काढलेला मला आठवत नाही. पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय संस्था खुद्द बेळगावात आहे, पण आमच्या ग्रुपवर तिचं नाव कधी निघालं नाही.

मावसभावाला माझं एवढंच म्हणणं आहे: हसण्याआधी मामांना डबी घेऊन बोलाव, त्यात काय काय आहे ते वाच आणि नाडी मोज. मामा त्याच्यापासून काढा लपवतात, कारण तो हसतो.