ब्युटी कोर्सला नाव घालताय? मग हिशोब करू नका

ब्युटी अकॅडमीत चौकशीला गेल्यावर आल्या आल्या फी विचारू नये. फार वाईट दिसतं. काउन्सेलर मॅडम "तुमची पॅशन काय?" असं विचारत असताना तुम्ही "हप्ते पडतील का?" म्हणालात, तर तुम्ही या क्षेत्राच्या नाहीच, हे त्यांना तिथेच कळतं. (हप्ते त्या पाडून देतात; पण मनातून उतरलात त्या उतरलातच.) त्यापेक्षा भिंतीकडे बघा. भिंतीवर फ्रेमा असतात: 'आयएसओ प्रमाणित', 'भारत सरकार नोंदणीकृत', शिवाय एखादी लंडनच्या नावाची. आयएसओ ही संस्था स्वतः कोणालाच प्रमाणपत्र देत नाही. बाहेरच्या एजन्सी तिच्या मानकांवरून जे देतात ते कारभाराच्या पद्धतीचं असतं, बेस किती पातळ लावावा याचं नव्हे. आणि सरकारी नोंदणी म्हणजे पुष्कळदा लघुउद्योगांच्या 'उद्यम' पोर्टलवरची. ती घरबसल्या, फुकट, आपली माहिती आपणच भरून होते. कोपऱ्यावरच्या पापडवाल्या मावशींकडेही असते. पण हे बोलून दाखवायचं नाही. फ्रेम सोनेरी आहे ना? मग झालं तर.

घरातलं कोणीतरी शहाणं माणूस आयटीआयचं नाव काढेल. सरकारी आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावी पास लागतं, फी नाममात्र आहे आणि शेवटी राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं, जे देशभर चालतं. अशा ठिकाणी चुकूनही पाऊल टाकू नका. तिथे रोज हजेरी घेतात. शेजारच्या वर्गात वेल्डर आणि फिटरची पोरं. आधी त्वचेचे थर शिका, मग अवजारं निर्जंतुक करायला शिका. यातलं स्टोरीला काय टाकणार? त्यापेक्षा २१ दिवसांचा 'प्रो ब्रायडल मास्टर कोर्स' घ्या. त्यात दुसऱ्याच दिवशी मेकअप फवारायचा एअरब्रश हातात येतो. ते मशीन किटमध्ये नसतं, हे तिसऱ्या दिवशी कळतं. किटचे पैसे फीत नसतात, हे चौथ्या. मॉडेल आपली आपण आणायची असते, म्हणजे मावसबहिणीला रजा काढायला लावायची, तिला रिक्षाचं भाडं आणि नाश्ता द्यायचा आणि वर तिचं "मला हे असलं भडक नको" ऐकून घ्यायचं.

इतकं करूनही रात्री झोप लागेना आणि हिशोब करावासाच वाटला, तर एकदाच करा आणि कागद फाडून टाका. समजा, फी दीड लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २७,००० रुपये. (सलूनमध्ये जाऊन फेशियल करून घेतलंत तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्केच लागतो. चेहरा करून घेणाऱ्यापेक्षा करायला शिकणाऱ्याची ऐपत जास्त, असा सरकारचा अंदाज असावा.) पावतीवर जीएसटी क्रमांक छापलेला नसेल तर शोधत बसू नका, प्रिंटरचं शाईचं काहीतरी झालं असेल. तर एकूण १,७७,०००. थ्रेडिंगचे ४० रुपये धरले तर या झाल्या ४,४२५ जणींच्या भुवया. अप्पर लिप धरलेलं नाही, कारण ते बायका "अगं, आता दोरा हातात आहेच तर एवढंही करून टाक" म्हणत फुकटातच करून घेतात. रोज दहा जणी आल्या आणि तुम्ही एकही सुट्टी घेतली नाहीत, तर सव्वा वर्षात फी वसूल. तेवढ्या काळात गाळ्याचं भाडं, वीज, दोरा, पावडर आणि दोन वेळचं जेवण यांवर खर्च तेवढा करायचा नाही.

नोकरी करायची म्हणता? करा. पहिले काही महिने केस झाडायचे, वॅक्सच्या पट्ट्या कापायच्या, गिऱ्हाइकाचं डोकं धुवायचं. पगाराचं विचारलंत तर "शिकतेयस ना अजून?" असं उत्तर मिळतं. तुम्ही शिकण्याचे पैसे आधीच भरून आला आहात, हे पार्लरवाल्या ताईंच्या कानावर घालू नका. त्या तुमची फ्रेम बघून हसतील आणि म्हणतील, दोरा धरून दाखव.

सिनेमाचं नाव निघालं की मात्र मान ताठ करा. मुंबईच्या सिनेसृष्टीत कित्येक वर्षं रंगभूषाकार म्हणून संघटनेचं कार्ड पुरुषांनाच मिळायचं, बायकांना फक्त केशरचनेचं. ती बंदी उठवायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, निकाल आला नोव्हेंबर २०१४ मध्ये. आता रस्ता मोकळा आहे. तुमची बॅच, तिच्या आधीची आणि तिच्याही आधीची, सगळ्या त्याच रस्त्यावर उभ्या आहेत.

खरा पैसा लग्नाच्या ऑर्डरीत, असं सगळेच सांगतात, आणि ते खोटं नाही. अडचण एवढीच, की धंद्याच्या तारखा पंचांगकर्ते ठरवतात. आषाढी ते कार्तिकी लग्नं जवळपास नाहीतच. मध्ये श्रावणात मंगळागौरीच्या नऊवारी आणि खोप्याच्या दोन-चार ऑर्डरी. मग तुळशीचं लग्न लागतं आणि एकाच मुहूर्तावर गावात सात लग्नं निघतात. तुम्हाला हात दोनच. त्यात पॅकेज ठरतं नवरीचं. हळद, सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन असे चार लुक त्यातच आले. करवलीचं "नुसतं थोडं टचअप", नवरीच्या आईचा अंबाडा आणि आत्याबाईंना साडी नेसवून देणं हे माणुसकीखातर. उरलेली रक्कम कार्याच्या गडबडीत राहून जाते. मागायला जावं तर माणसं ओळखीची. अशा वेळी नवरीचा फोटो टाका, खाली 'हॅपी क्लायंट' लिहा आणि गप्प बसा.

दोनेक वर्षांनी तुमच्या लक्षात येईल, की या सगळ्यात पूर्ण पैसे, तेही आगाऊ आणि घासाघीस न होता, एकाच बाईला मिळाले होते: तुमच्या अकॅडमीच्या मॅडमना. त्यांच्याकडे ना मुहूर्त, ना करवली, ना उधारी. तेव्हा आता उशीर करू नका. हॉलमधला सोफा आतल्या खोलीत ढकला, सहा खुर्च्या आणि एक रिंग लाइट आणा, उद्यम नोंदणी करून घ्या. बोर्डावर फी दीड लाख, 'अधिक जीएसटी'. सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर आपल्याकडे जीएसटीची नोंदणी लागत नाही, म्हणून मुली तेराच घ्यायच्या. साडेएकोणीस लाख झाले. वरचे १८ टक्के उलाढालीत धरायचे नसतात, ते प्रिंटरच्या शाईला ठेवायचे. चौदावी आली तर तिला बसवा, पाणी द्या आणि सांगा, ही बॅच भरली. पुढच्या बॅचमध्ये दोनच जागा उरल्यात, टोकन आजच भरून टाक.