होल्डिंग दिसत नाही का, रेफ?

ओहायोत राहणाऱ्या माणसाने ऑगस्ट ते नोव्हेंबर शुक्रवारी संध्याकाळी काही म्हणजे काही ठरवू नये. डोहाळजेवण नाही, गृहप्रवेश नाही, साधं पिठलं भाकरीलाही कोणाला बोलवू नये. इथला शुक्रवार हायस्कूल फुटबॉलचा, तो हेल्मेट आणि पॅड घालून एकमेकांवर आदळायचा फुटबॉल. आमच्या राज्यात मॅसिलॉन नावाचं गाव आहे, तिथे हॉस्पिटलात मुलगा जन्मला की पाळण्यात छोटासा फुटबॉल ठेवायची पद्धत होती, आणि त्या गावाच्या शाळेचं शेजारच्या कॅन्टनच्या मॅकिन्ली हायस्कूलशी १८९४ पासून वैर चालू आहे. अशा राज्यात मी, साताऱ्याचा, ज्याने शाळेच्या मैदानावर फक्त कवायत केली, पट्टेरी शर्ट घालून फुटबॉलचा ऑफिशियल, म्हणजे पंच झालो. आईला अजून नीट सांगितलेलं नाही. तिला वाटतं मी शुक्रवारी शाळेत जाऊन कसलीतरी समाजसेवा करतो, आणि मानधन बघितलं तर तिचं काही फार चुकत नाही.

झालं असं की मुलगा शाळेच्या मार्चिंग बँडमधे ट्रॉम्बोन वाजवायचा, म्हणून आम्ही दर शुक्रवारी स्टँडमधे, आणि हाफटाइमचा बँड सोडला तर बाकी दोन तास मला कशातलं काही कळायचं नाही. मग लाउडस्पीकरवर सांगायचे की ऑफिशियल्स कमी पडतायत, या, शिका. हे खरंच आहे, २०१८-१९ नंतरच्या तीनेक वर्षांत देशभरात सगळे खेळ मिळून ५०,००० च्या आसपास हायस्कूल ऑफिशियल्स सोडून गेले असं एनएफएचएसचंच म्हणणं, म्हणजे हायस्कूल खेळांचे नियम छापणारी इथली राष्ट्रीय संस्था. माणसं नाहीत म्हणून मॅचेस गुरुवारी आणि शनिवारी ढकलाव्या लागतात. मला वाटलं, चला, नियम तरी कळतील. का सोडून गेले हा प्रश्न तेव्हा विचारायला हवा होता पण लाउडस्पीकरला विचारणार कसं.

मग क्लास, परीक्षा, फी, आणि खरेदी. काळी पँट, काळे बूट, बुटांना पॉलिश (पॉलिश नसेल तर क्रूचा म्होरक्या बूट बघून नुसता सुस्कारा टाकतो), शिट्टी, फाउल झाला की टाकायचा पिवळा फ्लॅग, जागेची खूण करायला टाकायची बीन बॅग, आणि बोटांत अडकवायचा एक इलॅस्टिकचा पट्टा, कितवं डाऊन चालू आहे ते विसरू नये म्हणून. (डाऊन म्हणजे प्रयत्न, दहा यार्ड पुढे जायला चार मिळतात, जमले की परत पहिल्यापासून.) पहिलं डाऊन तर्जनी, दुसरं मधलं बोट, असं सरकवत जायचं. ही सवय इतकी लागते की सोमवारी ऑफिसच्या मीटिंगमधे मॅनेजर तेच तेच सांगायला लागला की माझा अंगठा आपोआप पुढच्या बोटाकडे जातो.

शर्टाचं तर विचारू नका. तो काळा पांढरा पट्टेरी शर्ट का, तर १९२० साली लॉइड ओल्ड्स नावाचा मिशिगनचा रेफरी पांढरा शर्ट घालून मॅच घेत होता, पाहुण्या टीमचे शर्टही पांढरे, आणि त्यांच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे बॉल पुढे देणाऱ्या मुख्य खेळाडूने, बॉल सरळ ओल्ड्सच्याच हातात दिला. मग त्याने पट्ट्यांचा शर्ट शिवून घेतला. आता बॉल कोणी देत नाही, पण मंडळाच्या गणपतीला मी शनिवारची ज्युनियरची मॅच संपवून तसाच आरतीला पोचलो तर एका काकूंनी बायकोला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "अगं यांचा जॉब गेला का? फूट लॉकरमधे लागले का बूट विकायला?" (त्या बुटांच्या दुकानातले विक्रेते असाच पट्टेरी शर्ट घालतात.) आणि मग काळजीने एक मोदक जास्त दिला. मी घेतला. खोटं कशाला बोला, भूक लागली होती.

शुक्रवारी आम्ही पाच जण असतो. पांढऱ्या टोपीतला रेफरी, तो मुख्य, निवृत्त पोस्टमन. अंपायर मधोमध, बचाव करणाऱ्या टीमच्या मागे, म्हणजे भरधाव पोरांच्या वाटेत उभा, तो प्लंबर आहे आणि पाइपापेक्षा हे सोपं म्हणतो. पलीकडे लाइन जज, लांब मागे बॅक जज, आणि मी लाइन्समन. लाइन्समन म्हणजे ज्याच्या मागे साखळीवाले, आणि ज्याच्या कानात मागच्या बेंचवरचा कोच.

साखळीवाले ही गंमत वेगळी. दोन काठ्यांमधे दहा यार्डांची साखळी, आणि ती धरणारे यजमान गावातले तीनचार काका, गेली कित्येक वर्षं तेच, फुकट. त्यांनी तटस्थ राहायचं असतं. राहतात बिचारे, पहिल्या टचडाऊनपर्यंत. पण खरी मजा त्या मापात आहे. वीस बावीस पोरांचा ढीग पडतो, ढिगाखाली कुठेतरी बॉल, मी धावत आत येऊन डोळ्यांनी ठरवतो की बॉल साधारण इथपर्यंत आला असावा, आणि तिथे पाय रोवतो. अंदाजपंचे. मग तो अंदाजाने ठेवलेला बॉल पहिल्या डाऊनसाठी पुरतो का हे बघायला दोन काका साखळी घेऊन मैदानात येतात, अख्खं स्टेडियम श्वास रोखतं, पांढरी टोपी वाकून बघते, आणि बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर निर्णय होतो. एवढ्या अचूक मोजमापाची सुरुवात माझ्या डाव्या पायाने झाली आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही. मी पण आठवण करून देत नाही.

कोचचं म्हणाल तर त्याचं एकच वाक्य. "होल्डिंग दिसत नाही का, रेफ?" होल्डिंग म्हणजे समोरच्याला हातांनी धरून अडवणं, तो फाउल. दर प्लेला. शेंडी तुटो वा पारंबी, होल्डिंग. समोरची टीम करते ते होल्डिंग आणि आपली टीम करते ते टेक्निक. तावातावाने तो साइडलाइन ओलांडून आत येतो, मी म्हणतो कोच, मागे या, तो दोन पावलं जातो आणि तीन पुढे येतो. नियमात सोय आहे, आधी ताकीद, मग पाच यार्ड, मग पंधरा. ताकीद दिली की मात्र तो एकदम शांत होतो आणि माझं आडनाव विचारतो, रिपोर्टात लिहायला. मी कुलकर्णी म्हणतो. स्पेलिंग सांगेपर्यंत पुढचा प्ले सुरू झालेला असतो, आजवर एकाही कोचचं माझं आडनाव पूर्ण लिहून झालेलं नाही.

प्रेक्षकांना मी दोष देत नाही. त्यांनी नियम शिकलेत रविवारी टीव्हीवर व्यावसायिक टीमच्या मॅच बघून आणि आम्ही चालवतो शुक्रवारचं पुस्तक. टीव्हीवर कॅचला दोन्ही पाय रेषेच्या आत लागतात, शाळेत एक पुरतो. टीव्हीवर घसरून पडलेला पोरगा कोणी हात लावेपर्यंत उठून पळू शकतो, आमच्याकडे गुडघा टेकला की खेळ खल्लास. पासला अडथळा आणला तर तिकडे आपोआप पहिलं डाऊन मिळतं, इथे नुसते पंधरा यार्ड. हे सगळं तिसऱ्या रांगेतल्या आजोबांना समजावून सांगायला मला आवडेल पण ते त्या वेळी माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरबद्दल बोलत असतात.

आणि पाऊस. वीज चमकली किंवा ढग गडगडले की सगळे आत, आणि तीस मिनिटं थांबायचं. पुन्हा गडगडलं की घड्याळ परत तिसावर. अशा वेळी आम्हाला शाळेतली जी खोली उरलेली असते ती मिळते, एकदा कुस्तीच्या गाद्यांची, एकदा झाडू आणि बादल्यांची. ऐन दिवाळीच्या सुमारास अशाच एका खोलीत मी फराळाचा डबा काढला. प्लंबर अंपायरने आधी चिवडा एकेक दाणा करून तपासला, मग मूठ भरली, मग डबाच मांडीवर घेतला, आणि बाहेर परत गडगडलं तेव्हा त्या खोलीत आनंद व्यक्त करणारा तो एकटा होता. आता हवामान खातं पाऊस सांगो न सांगो, तो गुरुवारी मला मेसेज करतो, उद्या विजांची शक्यता आहे.

पण खरं सांगू का, मैदानावरचं काहीच नाही. खरा छळ असोसिएशनच्या मीटिंगचा. शाळेच्या कॅफेटेरियात, लहान पोरांच्या बाकांवर, गुडघे छातीला लावून आम्ही बसतो आणि हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा सुरू होते. तेच ते. मागच्या मीटिंगचा वृत्तांत, त्याला हरकत, खजिनदाराचा हिशोब, कोणाची वर्गणी बाकी, हजेरीच्या कागदावर कोणी कोणाची सही केली, आणि पार्किंगऐवजी पंट, म्हणजे बॉल लाथेने लांब मारून समोरच्यांना देणं. "समजा चौथ्या डाऊनला के ने पंट केला, बॉल आर च्या पाठीला लागून उडाला आणि के च्या पोराने उचलून पळ काढला?" (पुस्तकात टीमना नावं नसतात, ए, बी, के, आर असतात. के लाथ मारणारी, आर बॉल घेणारी.) उत्तर साधं आहे, के चा बॉल, पहिलं डाऊन, पण पळता येणार नाही, जिथे उचलला तिथेच खेळ थांबला. सेक्रेटरी ते वाचून दाखवतो. संपायला हवं ना? नाही. मागच्या बाकावरचे एक निवृत्त आजोबा हात वर करतात, "आणि मधेच कोणी चुकून शिट्टी मारली असेल तर?" दुसरा म्हणतो कधी मारली, बॉल पाठीला लागायच्या आधी का नंतर. तिसरा म्हणतो आमच्या वेळी हा नियम वेगळा होता. मग दोन तट पडतात. मैदानावर ओरडणाऱ्यांना नियम माहीत नसतात म्हणून ते सहन होतं, इथे ओरडणाऱ्यांना सगळे पाठ असतात. आणि त्यानंतर व्हिडिओ. मोठ्या पडद्यावर कोणाचातरी प्ले थांबवून विचारतात, हा लाइन्समन कुठे बघतोय? सगळे मान वळवून त्या लाइन्समनकडे बघतात आणि तो छताकडे.

या सगळ्यांच्या वर असाइनर. कोणाला कुठली मॅच द्यायची हे तो ठरवतो. त्याच्या जोकला सगळे हसतात. आपण ज्या तारखेला येऊ शकत नाही ती ॲपवर ब्लॉक करायची असते, पण जास्त ब्लॉक केल्या तर तो काही बोलत नाही, फक्त पुढच्या आठवड्यात तुम्हाला दीड तास लांबची आठवीच्या पोरांची मॅच मिळते. मी पहिल्या वर्षी गणपती, नवरात्र, कोजागिरी आणि दिवाळी ब्लॉक केली, त्याने फोन करून अगदी आदराने विचारलं, तुमच्या धर्मात असा एखादा महिना आहे का ज्यात काही नसतं? मी जुलै म्हणालो. जुलैत फुटबॉल नसतो.

घरी काय परिस्थिती असेल ते तुम्हीच समजा. एकदा बायकोला खूश करायला मी सांगितलं की हा फ्लॅग आपल्या ओहायोतलाच, १९४१ मधे यंग्सटाउन कॉलेजच्या कोचच्या डोक्यातून निघाला, त्याआधी भोंगे न् शिट्ट्या वाजवायचे, आणि पहिले फ्लॅग त्याच्या बायकोने, अर्मा बीडीने घरी शिवले. माझ्या बायकोने चिखलाने माखलेला शर्ट मशीनमधे टाकता टाकता ऐकून घेतलं. "अहो, म्हणजे तेव्हापासून हे बायकांच्याच गळ्यात आहे तर."

नोव्हेंबरात प्लेऑफच्या नेमणुका येतात. आमचं नाव नव्हतं, पांढरी टोपी म्हणाली राजकारण, प्लंबर म्हणाला चिवडा, म्हणजे आता दुपारी घरी बसून खायला मोकळे. मग वर्षअखेरचं जेवण, कोरडं चिकन, उकडलेले बीन्स, नव्या ऑफिशियलचं बक्षीस म्हणून मला एक शिट्टी, आणि आजोबांनी जेवतानाही तो पंटचा प्रश्न परत काढला. निघताना असाइनरने खांद्यावर हात ठेवला. बास्केटबॉललाही माणसं कमी आहेत म्हणाला, तुमचे गुडघे चांगले आहेत, बघतो मी तुमच्यासाठी काही.

रात्री गाडीत मी बायकोला हे जरा भीत भीतच सांगितलं. ती काही बोलली नाही, फोनमधे बघत होती. घरी येऊन मी ॲप उघडलं तर मार्चपर्यंतच्या सगळ्या तारखा लाल, एकूण एक ब्लॉक, आणि कारणाच्या रकान्यात तिने स्वच्छ लिहिलं होतं, होल्डिंग.