देवगडकर, ग्रेलिस्टिंगवरून एवढा शिमगा कशाला?

देवगडकर,

'आंब्याच्या सीझनला मेल अडकवून ठेवायचा शाळकरी सल्ला! वाशीच्या दलालाचा भाव पाच मिनिटं उशिरा आला तर नुकसान तुम्ही भरणार का?' असं तुम्ही माझ्या मेल सर्व्हरवरच्या लेखाला लिहिलंत. मेल अडकवणं म्हणजे ग्रेलिस्टिंग: संशयित मेलला आधी 'थोड्या वेळाने पुन्हा या' म्हणून परत पाठवायचं, खरा सर्व्हर पुन्हा येतो. प्रश्न रास्त आहे. पण 'शाळकरी' कशाला? बारा वर्षं मेल सर्व्हर सांभाळतोय, तो शब्द लागला.

एक चूक कबूल. क्लॅमएव्ही या व्हायरस तपासणाऱ्या प्रोग्रॅमसकट सर्व्हरला २ जीबी रॅम पुरेल असं मी लिहिलं होतं, नाही पुरत. सिग्नेचरच, म्हणजे व्हायरस ओळखायच्या खुणाच, रॅममध्ये १ जीबीच्या वर जातात आणि फ्रेशक्लॅमने (त्या खुणा ताज्या करणाऱ्या प्रोग्रॅमने) नवा संच आणला की जुना ठेवून नवा चढवताना जवळपास दुप्पट जागा लागते. नेमका तेव्हाच रॅम संपली म्हणून कर्नल क्लॅमडीचा, म्हणजे तपासणी करणाऱ्या प्रक्रियेचा, गळा धरतो. ४ जीबी घ्या, नाहीतर 'कॉन्करंट डेटाबेस रीलोड' (जुना ठेवून नवा चढवणं) बंद ठेवा. मग संच चढेपर्यंत तपासणी खोळंबते.

आता ग्रेलिस्टिंग. सरसकट सगळे मेल अडवा असं मी कुठे लिहिलंय? ते काम पोस्टग्रे या जुन्या प्रोग्रॅमचं, बहुधा तेच तुमच्या डोक्यात आहे. मी सांगितलेला स्पॅम फिल्टर आरस्पॅमडी आधी मेलचे संशयाचे गुण मोजतो. मूळ सेटिंगमध्ये ४ गुणांना ग्रेलिस्ट, ६ ला स्पॅमचा हेडर, १५ ला थेट नकार. एसपीएफ आणि डीकेआयएम (पाठवणारा खरा आहे का, याच्या तपासण्या) जुळलेला दलालाचा साधा मेल सहसा ४ पर्यंत पोचतच नाही.

आणि पोचलाच, तर तुमची 'पाच मिनिटं' उलट कमीच आहेत, हेही सांगून टाकतो. पाच मिनिटं ही आपली अट. पुन्हा कधी यायचं ते पाठवणारा सर्व्हर ठरवतो. कोणी पाच मिनिटांत येतो, कोणी अर्ध्या तासाने. म्हणून ठरलेल्या गिऱ्हाइकांची डोमेन ग्रेलिस्टच्या व्हाइटलिस्टमध्ये (न अडवायच्या यादीत) टाका, किंवा मार्च ते मे ती पायरीच बंद ठेवा. फाइलमधली एक ओळ, त्यासाठी एवढा आरडाओरडा!

तरीही चांगले मेल अडत असतील तर आधी डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता विचारायची सोय, बघा. सर्व्हर ८.८.८.८ या गूगलच्या सार्वजनिक डीएनएसकडे विचारत असेल तर स्पॅम पाठवणाऱ्यांची यादी ठेवणारी स्पॅमहॉस संस्था यादीतल्या उत्तराऐवजी १२७.२५५.२५५.२५४ हा त्रुटीचा कोड परत देते. पोस्टफिक्समध्ये (मेल घेणाऱ्या-देणाऱ्या सर्व्हर प्रोग्रॅममध्ये) झेन या स्पॅमहॉसच्या एकत्रित यादीची ओळ उत्तराची मर्यादा न घालता लिहिली असेल, तर त्या कोडलाही तो 'यादीत आहे' समजतो आणि दलाल काय, कलेक्टरचाही मेल परत जातो. त्याच मशीनवर अनबाउंड (स्वतःचा डीएनएस सर्व्हर) बसवा आणि झेनच्या पुढे १२७.०.०.[२..११] लिहा. तुमचं दुखणं इथलंच असावं असा माझा संशय आहे.

क्लॅमएव्ही ताजे मॅक्रो व्हायरस सोडतो, पगारी क्लाउड फिल्टर बरा, मराठी मेलवर बेज (मेल दाखवून शिकवायचा आरस्पॅमडीतला भाग) शिकत नाही, या बाकीच्या तक्रारी जुन्याच आहेत. त्यात आज शिरत नाही. बेजला २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल दाखवलेत का, तेवढं बघा.

पुढच्या वेळी आरस्पॅमडीच्या वेबपानावरच्या (पोर्ट ११३३४) हिस्ट्रीतली 'सॉफ्ट रिजेक्ट'ची, म्हणजे तात्पुरत्या नकाराची, ओळ आणि तिच्यासमोरची चिन्हं (लागलेल्या नियमांची नावं) पाठवा. विशेषणं नकोत.