बोर्ड गेला

गेल्या आठवड्यात आमचे वॉशिंग मशीन बंद पडले आणि ते तपासायला आलेल्या मेकॅनिकने चपला काढता काढताच विचारले, "साहेब घरी नाहीत का?" साहेब दौऱ्यावर होते, आणि घरी असते तरी वॉशिंग मशीनशी त्यांचा संबंध मळका शर्ट टाकण्यापुरताच आहे, हे मी त्याला सांगितले नाही. मी पोटापाण्यासाठी कारखान्यांतल्या मोटारींची कंट्रोल पॅनेल तपासते, हे मात्र सांगितले. त्यावर "बरं बरं, मॅडम जॉबला असतात" एवढे बोलून त्याने तो विषय मिटवला.

मशीनची लक्षणे अगदी सरळ होती. दार लॉक होत होते, पाणी भरत होते, मग ड्रम एक हिसका देऊन थांबत होता, रिलेची टकटक ऐकू येत होती आणि दोन-चार वेळा हाच खेळ झाल्यावर मोटारीचा एरर कोड झळकत होता. मेकॅनिकने तो कोड पाहिला आणि पिशवीची चेनसुद्धा न उघडता मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटचा निकाल लावला, "बोर्ड गेला. साडेसहा हजार."

"कशावरून?"

"कोड आलाय ना मॅडम? कोड कोण दाखवतो? बोर्ड. मग बोर्डच गेला."

या न्यायाने ताप दाखवणारा थर्मामीटरच तापाने फणफणलेला ठरतो. जो बोर्ड दार लावतो, पाणी मोजून घेतो आणि मोटार नीट फिरत नसल्याचे इमानेइतबारे कळवतो, तो मेला असे म्हणण्याआधी निदान मोटारीकडे तरी पाहावे, अशी माझी माफक अपेक्षा होती. "मागचे झाकण उघडा," असे मी म्हटल्यावर तो म्हणाला, "उघडून काय दिसणार? बोर्ड आतून जातो."

नेमके त्याच वेळी वरच्या मजल्यावरचे काका चकल्यांचा डबा परत करायला आले. रिकामा डबा देऊ नये म्हणून त्यात चार लिंबे होती. काका बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाले आहेत आणि विजेविषयीचे त्यांचे ज्ञान बिल भरण्याच्या शेवटच्या तारखेपाशी थांबते; परंतु मेकॅनिकचा चेहरा असा उजळला, की जणू इतका वेळ तो त्यांचीच वाट पाहत होता. "या साहेब," तो म्हणाला आणि माझ्याकडे पाठ करून त्याने सगळे प्रकरण पहिल्यापासून त्यांना समजावून सांगायला घेतले. काकांनी लिंबांचा डबा छातीशी धरून, डोळे किंचित मिटून, जामीनदाराची कागदपत्रे तपासावीत अशा गांभीर्याने ते ऐकले.

"हं. म्हणजे फ्यूज?"

"फ्यूज नाही साहेब, बोर्ड."

"तेच म्हणतो मी. वॉरंटी किती?"

"तीन महिने."

"साडेसहा फार होतात. पाच कर."

मी तोपर्यंत प्लग काढून, मशीन भिंतीपासून ओढून, मागच्या झाकणाचे स्क्रू सोडवले होते. ड्रमला पट्ट्याने फिरवणाऱ्या या मोटारीत दोन कार्बन असतात. ते स्प्रिंगच्या दाबाने कम्युटेटरवर, म्हणजे शाफ्टवरच्या तांब्याच्या फिरत्या कड्यावर, टेकून आर्मेचरला, म्हणजे मोटारीच्या फिरत्या गुंडाळीला, वीज देतात आणि घासून घासून आखूड होतात. शाफ्टच्या टोकाला टॅको असतो, म्हणजे एक चुंबक आणि त्याभोवतीची कॉइल. मोटार किती वेगाने फिरते हे बोर्डाला त्यावरून कळते आणि त्या हिशेबाने तो ट्रायॅक, म्हणजे मोटारीची वीज सोडणारा बोर्डावरचा इलेक्ट्रॉनिक स्विच, कमी-जास्त चालवतो. टॅकोचा सिग्नल आला नाही, तर मोटार बेभान होऊ नये म्हणून बोर्ड तिला थांबवतो. ट्रायॅकच शॉर्ट झाला असता, तर ड्रम सुरू होताच सुसाट सुटायला हवा होता. इथे तो एका हिसक्यापलीकडे हलायला तयार नव्हता.

"मॅडम, शॉक लागेल हां," मेकॅनिक म्हणाला. प्लग माझ्या मांडीवर होता.

मोटारीचा कनेक्टर काढून मी मल्टिमीटर लावला. टॅकोची कॉइल शाबूत होती आणि शाफ्ट हाताने फिरवल्यावर एसी व्होल्टेजही दाखवत होती. कार्बनच्या दोन टोकांमध्ये मात्र काही ओहम दिसायला हवेत, तिथे शाफ्ट थोडा फिरवला की मीटर क्षणभर आकडा दाखवी आणि लगेच ओपन, म्हणजे वाट तुटलेली, दाखवी. एक कार्बन काढला, तर तो नखाएवढा उरला होता. मी तो तळहातावर ठेवून दोघांपुढे धरला. "सव्वापाचला फायनल, साहेब," मेकॅनिक सांगत होता.

ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. दुरुस्तीची माहिती ग्राहकाच्या हाती यावी, हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. आमच्या मशीनसोबत जी पुस्तिका आली, तिच्यात मात्र लोकरीचे कपडे कसे धुवावेत यावर तीन पाने आहेत आणि मोटारीच्या कनेक्टरची कोणती पिन कशाची यावर एक ओळही नाही. आकृती नाही, सुटा भाग मिळवायचा तर ओळख लागते, आणि ज्याच्याकडे आकृती असायला हवी तो मीटरच आणत नाही. काही शे रुपयांच्या कार्बनऐवजी हजारोंचा बोर्ड बसवून घेणारी किती घरे असतील, हा विचार आला की विनोद सुचेनासा होतो. शिवाय नव्या बोर्डानेही तो ड्रम फिरला नसताच; मग 'मोटारही गेली' असे ऐकावे लागले असते.

व्हिजिट चार्ज अधिक जीएसटी घेऊन मेकॅनिक गेला. पावतीवर त्याने शेरा लिहिला, 'ग्राहकाने दुरुस्तीस नकार दिला.' संध्याकाळी स्टेशनजवळच्या दुकानातून मी कार्बनची जोडी आणली, बसवली आणि कपडे न टाकता कमी वेगावर एक फेरी चालवली. नवे कार्बन कम्युटेटरच्या गोलाईला बसेपर्यंत थोड्या ठिणग्या उडतात, त्या उडाल्या, आणि मशीन चालू लागले.

काका अजून नाराज आहेत. काल लिफ्टमध्ये ते तळमजल्यावरच्या जोशीकाकूंना माझ्यादेखत सांगत होते, "पाच हजारांवर आणत आणला होता मी त्याला. हिने ऐकलं नाही."