गिनिपिग कुणाला म्हणता?

आज सकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर तळमजल्यावरच्या मुलीने साधा निरोप टाकला. एका नव्या औषधाच्या अभ्यासात, म्हणजे क्लिनिकल ट्रायलमध्ये, नाव दिलंय, उद्या हॉस्पिटलात जायचंय, पाण्याच्या वेळेला आमचा नळ कोणीतरी बघा. त्यावर उत्तरं काय, तर 'गिनिपिग झालीस का?', 'किती देतात गं?' आणि खाली हसण्याची रांग. माझं डोकंच फिरलं. रक्तदान शिबिरात फोटो काढून घ्यायला हीच मंडळी पुढे असतात.

माझी आई दीड वर्ष अशा अभ्यासात होती. डायबेटिसच्या गोळीचा होता. संमतीपत्र मराठीत होतं, मी आणि तिने ते ओट्यापाशी बसून दोन रात्री वाचलं. दर तीन महिन्यांनी उपाशीपोटी पहाटेची लोकल. उरलेल्या गोळ्या आणि रिकाम्या स्ट्रिप्सही परत न्यायच्या, तिथे त्या मोजायचे. आई त्यांना रबर लावून दुधाच्या धुतलेल्या पिशवीत ठेवायची. एकदा एक गोळी फ्रिजखाली गेली. मी म्हटलं, जाऊ दे गं. तर ही बाई झाडूची काडी घेऊन जमिनीवर आडवी! 'हिशेब चुकला तर त्यांचा अभ्यास चुकेल.' सातवी शिकलेली माझी आई. तिला गिनिपिग म्हणायचं?

आपण परळचे लोक. आपल्या इथली हाफकिन संस्था ज्यांच्या नावाची, त्या हाफकिनसाहेबांनी प्लेगच्या साथीत, १० जानेवारी १८९७ ला, आपण बनवलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. क्षय म्हणजे घर सोडून सॅनेटोरियम, असाच काळ होता. १९५६ साली मद्रासला रोग्यांचे दोन गट केले, एक सॅनेटोरियममध्ये, दुसरा घरीच औषध घेणारा. घरचेही जवळजवळ तितकेच बरे झाले. माझा गिरणीतला मामा पुढे दहा बाय दहाच्या खोलीत, आजीच्या हातचं जेवून बरा झाला, तो त्या अनोळखी माणसांच्या जिवावर.

हो, आताच्या तेलंगणातल्या खम्ममला एचपीव्ही लसीच्या (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी) अभ्यासाच्या वेळी मुलींच्या संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. ते पापच. पैशासाठी एका अभ्यासातून दुसऱ्यात जाणारी गरीब पोरंही आहेत, मान्य. म्हणून तर आज अभ्यासामुळे इजा झाली तर फुकट उपचार आणि भरपाई २०१९ च्या औषध-चाचण्यांच्या नियमांत आहे, आणि मधेच सोडायचं असेल तर कोणी अडवू शकत नाही. विचारायचंच असेल तर त्या पोरीला हे विचारा ना, की कागद नीट वाचलास का, रात्री-अपरात्री फोन करायला डॉक्टरांचा नंबर दिलाय का. पैसे कसले विचारता!

आणि डॉक्टर लोकहो, तुमच्यावरही राग आहे. आईचा अभ्यास संपला, शेवटच्या दिवशी चहा-बिस्किट दिलं, आणि मग कोणाचा फोन नाही की दोन ओळींचं पत्र नाही. त्या गोळीचा गुण आला की नाही? तिला मिळाली ती खरी गोळी होती की तुलनेसाठी दिलेली नुसती पिठाची? चार वर्षं झाली, अजून ती मला विचारते, 'काय निघालं गं त्याचं?' जी बाई एका गोळीसाठी फ्रिजखाली हात घालते, तिला एवढं कळायला नको?

आत्ताच आई खाली जाऊन आली. त्या मुलीला सांगून आली, रात्री नवाच्या आत जेव, आणि रक्त दिल्यावर खायला पोळीभाजी मी देते, वडापाववर भागवू नकोस. पहाटे साडेपाचचा गजर लावलाय तिने. नळही तीच बघणार आहे.