केस आहेत म्हणून कुत्र्याला थंडी वाजत नाही?

थंडी पडली की नागपुरातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. ‘रस्त्यावरच्या कुत्र्यांना देवानं केस दिलेत. ४७ डिग्रीचं ऊन सोसणाऱ्यांना थंडी काय करणार? फारच दया आली तर जुनं ब्लँकेट टाका, गरम दूध पाजा, चमचाभर ब्रँडी द्या. पण लाड केले की कुत्री वाढतात.’ यातलं जवळजवळ सगळंच चुकीचं आहे.

आपलं गावठी कुत्रं ऊन सोसतं, कारण त्याचे केस आखूड आणि विरळ असतात. थंड प्रदेशातल्या कुत्र्यांसारखी दाट लव त्याला आतून नसते. मे महिन्यात कामी येणारं हेच अंग जानेवारीत नडतं. आणि इथली थंडी काही थोडीथोडकी नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. दुपारी उन्हात पसरलेली कुत्री सगळ्यांनाच दिसतात. तीच पहाटे चहाच्या टपरीपाशी विझलेल्या शेकोटीच्या राखेत, नाक शेपटीखाली खुपसून पडलेली असतात. राखेखाली निखारे धगधगत असतात, त्यानं पोट आणि पंजे भाजतात. थंडी वाजत नसती तर कुत्रं तिथं गेलंच नसतं.

ब्लँकेटबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण इथं भली माणसं चुकतात. उघड्यावरचं ब्लँकेट रात्रभर दव पितं. पहाटे हात लावून बघा, जड आणि गारढोण लागतं. असं ओलं कापड उलट कुत्र्याच्याच अंगातली ऊब ओढून घेतं. त्यापेक्षा तणस, म्हणजे भाताचा पेंढा घ्या. भंडारा-गोंदियाचा धानपट्टा जवळच आहे, तणसाला तोटा नाही. बारदानात ते सैलसर भरा. ठासून भरलं तर मधली हवा जाते आणि ऊब त्या हवेनंच टिकते. खाली विटांवर फळी किंवा जुना टायर ठेवा, म्हणजे जमिनीचा गारठा लागणार नाही. जागा जिन्याखाली किंवा भिंतीच्या आडोशाला, वर पत्रा असलेली बघा. तणस ओलं झालं की बदला. स्वेटरही दवानं भिजतोच, शिवाय त्यात पाय अडकतात.

दुधानं बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना हगवण लागते. रात्री भात-अंडं द्या, अंगात ऊब धरायला तेच कामी येतं.

पिल्लांचं वेगळं. पहिले दोन-तीन आठवडे त्यांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. गार पडलेल्या पिल्लाला लगेच दूध पाजू नका. ते पचत नाही आणि श्वासनलिकेत जाऊ शकतं. आधी कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून हळूहळू ऊब द्या, मगच पाजा. आई जवळपास असेल तर पिल्लं उचलून नेऊ नका.

ब्रँडी तर कधीच नको. दारूनं कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात आणि शरीरातली उष्णता उलट बाहेर पडते. शिवाय दारू कुत्र्यांना विषारीच. थोड्याशा दारूनंही पिल्लाचा जीव जाऊ शकतो.

राहिला ‘कुत्री वाढतात’ हा मुद्दा. कुत्री वाढतात ती नसबंदी न झाल्यानं, बारदानानं नाही. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. गल्लीतल्या कोणत्या मादीच्या कानाला ती अजून नाही, हे रोज भात टाकणाऱ्यालाच ठाऊक असतं, आणि पकडायला गाडी आली की ती मादी त्याच्याच हाकेला येते.