ओएई पास म्हणजे कान ठणठणीत? नाही हो

फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: बाळाची ओएई (जन्मल्यावर करतात ती ऐकण्याची प्राथमिक टेस्ट) पास झाली की कान ठीक, नंतरची बेरा (आवाजाला नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी टेस्ट) म्हणजे निव्वळ पैसे काढायचे धंदे, आणि औषधाने कानावर परिणाम झालाच तर तो लगेच कळतो, औषध थांबवलं की जातोही. तिन्ही चुकीचं, पण पहिलं जास्त घातक.

"ओएई पास, विषय संपला." ओएईत कानात छोटा प्रोब घालून आवाज सोडतात आणि आतल्या कानातून उलट येणारा अगदी क्षीण आवाज मोजतात (कान असा आवाज काढतो हे डेव्हिड केम्पने 1978 मध्ये लंडनला दाखवलं), तो येतो आतल्या कानातल्याच बाहेरच्या रांगेतल्या केसपेशींमुळे (केसपेशी म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी). टेस्टची धाव तिथपर्यंतच. पुढच्या आतल्या केसपेशी, नस, मेंदूपर्यंतचा रस्ता तिला दिसतच नाही, आणि जन्मल्यावर रडलं नाही, ऑक्सिजन कमी पडला अशा बाळात गडबड नेमकी तिथेच असू शकते. ओएई मस्त पास आणि बेराचा ग्राफ सपाट, याला ऑडिटरी न्यूरोपॅथी म्हणतात. म्हणून तर अमेरिकेतल्या जॉइंट कमिटी ऑन इन्फंट हिअरिंगने 2007 मध्येच सांगितलं, 5 दिवसांपेक्षा जास्त एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) राहिलेल्या बाळाचं स्क्रीनिंग बेराच्या पद्धतीनेच करा.

"औषधाचा परिणाम लगेच कळतो." कसा कळणार? जेंटामायसिन, अमिकासिन ही अँटिबायोटिक्स आणि कॅन्सरचं सिस्प्लॅटिन सहसा बाहेरच्या केसपेशींनाच आधी धरतात, तेही सगळ्यात उंच पट्टीच्या आवाजांपासून, बोलणं नीट ऐकू येत असतं त्यामुळे पेशंटला पत्ताच नसतो. इथे मात्र ओएई खरी कामाची, ऐकण्याच्या साध्या तपासणीच्या (ऑडिओग्रामच्या) आधीच बऱ्याचदा घट दाखवते. फक्त पहिल्या डोसच्या आधीचं रीडिंग हवं, नाहीतर तुलना कशाशी करणार!

"थांबवलं की बरं होतं." अ‍ॅस्पिरिनच्या मोठ्या डोसचं बहुतेक होतं तसं, अफवा तिथूनच आली असेल. पण माणसाच्या मेलेल्या केसपेशी परत येत नाहीत, आणि जेंटामायसिन आतल्या कानात रेंगाळतं, कोर्स संपल्यावरही ऐकणं घसरू शकतं. आता हे वाचून एनआयसीयूत इंजेक्शन बंद करा म्हणून भांडू नका प्लीज, सेप्सिसमध्ये (अंगभर भिनलेल्या जंतुसंसर्गात) तेच बाळाला वाचवतं.

आणि हो, ओएई फेल म्हणजे बाळ बहिरं असंही नाही, पहिल्या एक-दोन दिवसांत कानात द्रव साचलेला असतो त्यानेही फेल येते. रिपीट करा, पण "मोठं झालं की बघू" नको, ऐकण्यात दोष आहे का याचं निदान बाळ 3 महिन्यांचं व्हायच्या आत व्हायला हवं.